प्रकाशापेक्षा वेगवान कण असू शकतात का? ६० नॅनोसेकंदांनी जगाला कसं वेड लावलं होतं, समजून घ्या

२३ सप्टेंबर २०११. जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या जगातल्या सर्वांत मोठ्या कणभौतिकी प्रयोगशाळेचं सभागृह खचाखच भरलं होतं. दारिओ ऑतिएरो हे शास्त्रज्ञ एका प्रयोगाचे निष्कर्ष मांडत होते. पडद्यावर आकडे होते, आलेख होते. आणि त्या आकड्यांचा अर्थ एका ओळीत सांगता येत होता : न्यूट्रिनो नावाचे कण प्रकाशापेक्षा वेगाने धावले.

पुढच्या काही तासांत ही बातमी जगभर पसरली. 'आईनस्टाईन चुकला?', 'टाइम मशीन शक्य?' असे मथळे झळकू लागले. नऊ महिन्यांच्या आत हा दावा पूर्णपणे कोसळला. कारण निघालं एक नीट न बसलेली केबल.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण ती संपलेली नाही. 'प्रकाशाचा वेग ओलांडला' असं सांगणारे जुने स्क्रीनशॉट आणि रील्स आजही अधूनमधून फिरत असतात. बातमी लक्षात राहिली, दुरुस्ती मात्र अनेकांपर्यंत पोहोचलीच नाही. म्हणूनच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. अणूपेक्षाही लहान असलेले कण प्रकाशाला मागे टाकू शकतात का? आणि 'नाही' असं शास्त्रज्ञ इतक्या ठामपणे कशाच्या जोरावर सांगतात?

न्यूट्रिनो म्हणजे काय?

न्यूट्रिनो हा मूलभूत कण आहे. त्याला विद्युतभार नसतो आणि त्याचं वस्तुमान जवळपास शून्य असतं. किती जवळपास? जर्मनीतल्या 'कॅट्रिन' प्रयोगाने घातलेली मर्यादा पाहिली, तर ते इलेक्ट्रॉनच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी आहे.

हा कण कशाशीच फारसा संबंध ठेवत नाही. सूर्यातून निघालेले अब्जावधी न्यूट्रिनो दर सेकंदाला तुमच्या अंगठ्याच्या नखातून आरपार जातात आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. अख्खी पृथ्वी त्यांच्यासाठी काचेसारखी आहे.

त्यामुळे त्यांना पकडायला खूप मोठी यंत्रं लागतात, आणि इतर कणांचा गोंगाट टाळण्यासाठी ती जमिनीखाली खोलवर बसवावी लागतात. या शोधात भारताचंही नाव आहे. वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनोंच्या जगातल्या पहिल्या नोंदींपैकी एक १९६५ मध्ये कर्नाटकातल्या कोलार सोन्याच्या खाणीत झाली. त्या प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे, म्हणजे टीआयएफआरचे शास्त्रज्ञ सहभागी होते.

'ओपेरा' प्रयोगात नेमकं काय केलं होतं?

सर्नमधून न्यूट्रिनोंचा एक झोत इटलीच्या दिशेने सोडला जात होता. तो पोहोचायचा सुमारे ७३० किलोमीटरवरच्या ग्रान सासो प्रयोगशाळेत. ही प्रयोगशाळा डोंगराच्या पोटात आहे, तिच्यावर सुमारे १,४०० मीटर जाडीचा खडक आहे.

मधल्या प्रवासासाठी ना पाइप लागत होता, ना बोगदा. कण सरळ रेषेत, पृथ्वीच्या खडकातूनच जायचे. वाटेत एके ठिकाणी ही रेषा जमिनीखाली दहा किलोमीटरहून खोल जाते. गंमत म्हणजे, बातमी आल्यावर इटलीच्या शिक्षण मंत्रालयाने अभिनंदनाचं पत्रक काढलं आणि त्यात सर्न ते ग्रान सासो 'बोगद्या'साठी इटलीने पैसे दिल्याचा उल्लेख केला. असा बोगदा कधी अस्तित्वातच नव्हता. त्यावरून मंत्र्यांची यथेच्छ खिल्ली उडवली गेली.

'ओपेरा'चं मुख्य काम वेग मोजणं नव्हतंच. न्यूट्रिनोंचे तीन प्रकार असतात आणि ते प्रवासात एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलतात. तो बदल प्रत्यक्ष टिपण्यासाठी शिसं आणि फोटोग्राफिक फिल्म यांच्या थरांच्या सुमारे दीड लाख विटा तिथे रचल्या होत्या. वेग मोजणं हे जोडकाम होतं.

वेग मोजायला दोनच गोष्टी लागतात. अंतर आणि वेळ. अंतर जीपीएसच्या मदतीने मोजलं गेलं आणि त्यातली संभाव्य चूक फक्त २० सेंटीमीटर असल्याचा गटाचा दावा होता. ही मोजणी इतकी बारीक होती की, २००९ च्या लाक्विला भूकंपात जमीन काही सेंटीमीटर सरकली, तेही तिच्यात दिसलं.

प्रकाशाला हे अंतर कापायला सुमारे २.४ मिलिसेकंद लागतात. न्यूट्रिनो त्याहून ६० नॅनोसेकंद आधी पोहोचत होते. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. शर्यतीच्या भाषेत सांगायचं तर, प्रकाश आणि न्यूट्रिनो ४० किलोमीटर धावले असते, तर न्यूट्रिनो जेमतेम एक मीटर पुढे असता.

फरक चिमुकला होता. पण तीन वर्षांत नोंदलेल्या १५ हजारांहून अधिक घटनांमधून तो सातत्याने दिसत होता. हा नुसता योगायोग असण्याची शक्यता जवळपास शून्य होती.

एवढ्याशा फरकाने इतका गदारोळ का?

कारण प्रकाशाचा वेग हा साधा वेग नाही.

निर्वात पोकळीत प्रकाश सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर जातो. आईनस्टाईनने १९०५ मध्ये मांडलेल्या विशेष सापेक्षता सिद्धांतानुसार वस्तुमान असलेल्या कोणत्याही गोष्टीला हा वेग गाठता येत नाही. वेग वाढत जातो तसतशी तो आणखी थोडा वाढवायला लागणारी ऊर्जा प्रचंड वाढत जाते. नेमका प्रकाशाचा वेग गाठायचा तर अनंत ऊर्जा हवी.

हे फक्त कागदावर नाही. १९६४ मध्ये अमेरिकेत विल्यम बर्टोझी यांनी इलेक्ट्रॉनना जास्तीत जास्त ऊर्जा देऊन त्यांचा वेग मोजला. ऊर्जा तीस पट वाढवली, पण वेग वाढला जेमतेम १५ टक्के आणि प्रकाशाच्या वेगाच्या उंबरठ्यावर येऊन अडकला. आज सर्नच्या एलएचसी यंत्रात प्रोटॉनना अफाट ऊर्जा दिली जाते. तरीही ते प्रकाशापेक्षा सेकंदाला साधारण तीन मीटरने मागेच राहतात. यंत्र कितीही मोठं करा, ते तीन मीटर कमी होतील, शून्य होणार नाहीत.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. प्रकाशापेक्षा वेगाने संदेश पाठवता आला, तर 'आधी' आणि 'नंतर' यांचा अर्थच बिघडतो. सापेक्षतेनुसार वेगवेगळ्या वेगाने जाणाऱ्या निरीक्षकांना घटनांचा क्रम वेगळा दिसू शकतो. मात्र कारण आणि परिणाम यांचा क्रम कुणालाही उलटा दिसत नाही, कारण कोणताही परिणाम प्रकाशापेक्षा वेगाने पसरत नाही. ही मर्यादा मोडली, तर एखाद्या निरीक्षकाला तुमचा मेसेज पाठवण्याआधीच त्यावर ब्लू टिक आलेली दिसेल. पुढे जाऊन, प्रश्न विचारण्याआधी उत्तर मिळेल अशीही मांडणी करता येईल. 'टाइम मशीन'चे मथळे इथूनच आले होते.

शास्त्रज्ञांना संशय का आला?

त्या दिवशी सभागृहात जल्लोष झाला नाही, प्रश्नांची सरबत्ती झाली. खुद्द 'ओपेरा'च्या गटानेही 'आईनस्टाईन चुकला' असं म्हटलं नव्हतं. आम्हाला चूक सापडत नाही, तुम्ही शोधून दाखवा, असा त्यांचा सूर होता. गटातल्या काही जणांना घाई वाटत होती आणि त्यांनी निबंधावर आपलं नाव घालू दिलं नाही. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जिम अल-खलिली यांनी तर हा निकाल खरा ठरला तर आपण थेट टीव्हीवर आपली बॉक्सर चड्डी खाऊ, असं जाहीर केलं.

संशयामागे ठोस कारणं होती.

पहिलं कारण आकाशात होतं. फेब्रुवारी १९८७ मध्ये आपल्या शेजारच्या दीर्घिकेत एका ताऱ्याचा स्फोट झालेला दिसला. तो तारा सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षं दूर होता. त्याचे न्यूट्रिनो पृथ्वीवर प्रकाशाच्या सुमारे तीन तास आधी पोहोचले. ते वेगवान होते म्हणून नाही, तर ते ताऱ्यातून लगेच बाहेर पडतात आणि स्फोटाचा प्रकाश मात्र ताऱ्याचे थर फोडून बाहेर यायला वेळ घेतो म्हणून. 'ओपेरा'चा आकडा खरा असता, तर तेच न्यूट्रिनो तीन तास नव्हे, चार वर्षं आधी यायला हवे होते. अर्थात, त्या न्यूट्रिनोंची ऊर्जा बरीच कमी होती. वेग ऊर्जेवर अवलंबून असेल, अशी पळवाट उरत होती.

ती वाट दुसऱ्या कारणाने अरुंद केली. अँड्र्यू कोहेन आणि नोबेलविजेते शेल्डन ग्लाशो यांनी गणित मांडलं. न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा वेगाने धावले, तर ते वाटेत इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या बाहेर टाकत ऊर्जा गमावतील आणि इटलीत थकलेले पोहोचतील. ग्रान सासोमधल्याच 'इकारस' या दुसऱ्या प्रयोगाने तपासलं. न्यूट्रिनो थकलेले नव्हते.

तिसरा आक्षेप घेणाऱ्यांमध्ये टीआयएफआरमध्ये दीर्घकाळ काम केलेले रामनाथ कौशिक होते. न्यूट्रिनो जन्मतात ते पायॉन नावाच्या कणांच्या विघटनातून. कौशिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की, न्यूट्रिनो इतके वेगवान असते तर पायॉनचं हे विघटनच अडखळलं असतं आणि एवढ्या ऊर्जेचे न्यूट्रिनो तयारच झाले नसते.

थोडक्यात, एक आकडा एका बाजूला आणि बाकी सगळा पुरावा दुसऱ्या बाजूला, अशी स्थिती होती.

मग चूक कुठे होती?

नोव्हेंबर २०११ मध्ये गटाने प्रयोग सुधारून पुन्हा केला. या वेळी न्यूट्रिनो अगदी छोट्या, सुट्या झटक्यांमध्ये सोडले. २० घटना नोंदल्या गेल्या आणि उत्तर तेच आलं. पुन्हा ६० नॅनोसेकंदांच्या आसपास. म्हणजे झोताच्या बाजूने चूक नव्हती. चूक घड्याळाच्या बाजूला असू शकत होती.

फेब्रुवारी २०१२ मध्ये ती सापडली. डोंगरावरच्या जीपीएसची वेळ खालच्या प्रयोगशाळेत पोहोचवण्यासाठी सुमारे ८ किलोमीटरची फायबर ऑप्टिक केबल होती. तिचा एक कनेक्टर पूर्ण घट्ट बसलेला नव्हता. त्यामुळे पुढे कमी प्रकाश जात होता आणि तो ओळखणाऱ्या उपकरणाला सिग्नल पकडायला जास्त वेळ लागत होता. वेळ सांगणारा सिग्नल सुमारे ७३ नॅनोसेकंद उशिरा नोंदला जात होता.

कल्पना करा, स्टेशनवरचं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे. गाडी अगदी वेळेवर आली, तरी त्या घड्याळाप्रमाणे ती दोन मिनिटं लवकर आली असंच वाटणार. न्यूट्रिनोंचं तेच झालं. गाडी वेळेवर होती, घड्याळ मागे होतं.

दुसरी एक चूकही होती. अंतर्गत घड्याळ किंचित वेगाने चालत होतं आणि त्याचा परिणाम उलट दिशेने सुमारे १५ नॅनोसेकंदांचा होता. ७३ मधून १५ वजा करा. ६० च्या जवळचा तो सनसनाटी आकडा कुठून आला, हे तिथेच कळतं.

शेजारच्या 'एलव्हीडी' यंत्राच्या जुन्या नोंदींनीही याला दुजोरा दिला. अवकाशातून येणाऱ्या किरणांमधले काही कण दोन्ही यंत्रांमधून आरपार जायचे. त्यांच्या वेळा जुळवल्यावर दिसलं की, ऑगस्ट २००८ ते डिसेंबर २०११ या काळात 'ओपेरा'चं घड्याळ सतत मागे होतं.

मार्च २०१२ मध्ये 'इकारस'ने त्याच झोतातल्या सात न्यूट्रिनोंचा वेग स्वतंत्रपणे मोजला. तो प्रकाशाइतकाच निघाला. जूनमध्ये जपानमधल्या क्योटो इथल्या परिषदेत ग्रान सासोमधल्या चारही प्रयोगांचे निकाल जाहीर झाले. त्यात दुरुस्त केलेला 'ओपेरा'ही होता. सगळ्यांचं उत्तर एकच होतं. न्यूट्रिनोंनी प्रकाशाची मर्यादा मोडली नव्हती.

याची किंमत कुणी मोजली?

मार्च २०१२ च्या अखेरीस गटात नेतृत्वाविरुद्ध अविश्वासाचं मतदान झालं. त्यानंतर प्रवक्ते अंतोनियो एरेदितातो आणि सभागृहात निकाल मांडणारे ऑतिएरो या दोघांनी आपापली पदं सोडली.

यावर आजही दोन मतं आहेत. एक मत असं की, केबल तपासण्याआधी जगासमोर जायला नको होतं. आतली प्रत्येक जोडणी पुन्हा तपासण्याचं काम पत्रकार परिषदेआधीचं होतं. दुसरं मत असं की, गटाने काहीही लपवलं नाही. आकडे उघड केले, इतरांना तपासायला बोलावलं, आणि चूक सापडल्यावर तीही जाहीर केली.

दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण एक फरक विसरता येत नाही. प्रश्नचिन्ह शास्त्रज्ञांच्या निबंधात होतं. ते मथळ्यांमधून गळालं, आणि फॉरवर्ड्समधून तर कधीचंच गेलं.

'ओपेरा' प्रयोग मात्र फुकट गेला नाही. ज्या मूळ कामासाठी तो उभारला होता, ते त्याने पूर्ण केलं. न्यूट्रिनोंचा एक प्रकार प्रवासात दुसऱ्या प्रकारात बदलल्याच्या घटना त्याने प्रत्यक्ष टिपल्या. २०१८ मध्ये आलेल्या अंतिम निष्कर्षात अशा दहा घटना आहेत. त्या बातमीचे स्क्रीनशॉट कुणी फिरवत नाही.

मग 'प्रकाशापेक्षा वेगवान' म्हणून फिरणारे बाकीचे दावे?

यातल्या काही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांचा अर्थ वेगळा आहे.

*पाण्यातला निळा प्रकाश :* पाण्यात प्रकाशाचा वेग घटून सेकंदाला सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर होतो. तिथे वेगवान इलेक्ट्रॉन त्याला खरोखर मागे टाकतात. तेव्हा निळसर प्रकाश पडतो, त्याला चेरेन्कोव्ह प्रारण म्हणतात. मुंबईत ट्रॉम्बेला १९५६ मध्ये सुरू झालेल्या 'अप्सरा' अणुभट्टीच्या पाण्यात हीच निळाई दिसायची. पण यात नियम मोडत नाही. मर्यादा आहे ती निर्वात पोकळीतल्या प्रकाशवेगाची.

*विश्वाचं प्रसरण :* खूप दूरच्या दीर्घिका आपल्यापासून प्रकाशापेक्षा जास्त वेगाने दूर जात आहेत, हे खरं आहे. पण तिथे मधलं अवकाशच ताणलं जातंय. दीर्घिका अवकाशातून धावत प्रकाशाची शर्यत जिंकत नाहीत.

*क्वांटम गुंतागुंत :* गुंतलेल्या दोन कणांपैकी एकाचं मोजमाप केलं की दुसऱ्याच्या मोजमापाशी त्याचा मेळ बसतो, मग ते कितीही लांब असोत. यावरच्या प्रयोगांना २०२२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण प्रत्येक बाजूला मिळणारं उत्तर यादृच्छिक असतं. त्यातून एक अक्षराचाही निरोप पाठवता येत नाही. मेळ बसला हे कळायलाही दोन्हीकडच्या नोंदी नेहमीच्या मार्गाने समोरासमोर आणाव्या लागतात.

*टॅकिऑन :* ही खरी सैद्धांतिक कल्पना आहे आणि तिच्यात भारतीय नावं आहेत. १९६२ मध्ये बिलान्युक, देशपांडे आणि ई. सी. जी. सुदर्शन यांनी विचारलं की, एखादा कण जन्मापासूनच प्रकाशापेक्षा वेगवान असेल तर? त्याला ती भिंत ओलांडावीच लागणार नाही, तो आधीच पलीकडे असेल. 'टॅकिऑन' हे नाव नंतर, १९६७ मध्ये जेराल्ड फाइनबर्ग यांनी दिलं. असा कण ऊर्जा गमावेल तसा आणखी वेगाने धावेल. गणितात तो बसवता येतो. प्रयोगात आजवर एकही सापडलेला नाही.

आज विज्ञान कुठे आहे?

आजवरच्या एकाही मोजमापात कोणताही कण निर्वात पोकळीतल्या प्रकाशाला मागे टाकताना आढळलेला नाही.

पण तपासणं थांबलेलं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये भूमध्य समुद्राच्या तळाशी असलेल्या 'केएम३नेट' दुर्बिणीने एक विलक्षण न्यूट्रिनो पकडला. त्याची अंदाजे ऊर्जा एलएचसीतल्या प्रोटॉनच्या सुमारे तीस हजार पट होती. २०२५ मध्ये हा निष्कर्ष 'नेचर'मध्ये आला. कोहेन-ग्लाशो यांचंच तर्कशास्त्र इथे पुन्हा कामी आलं. न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा किंचितही वेगवान असते, तर अवकाशातून येणारा कण एवढी ऊर्जा घेऊन इथवर पोहोचलाच नसता. म्हणजे प्रकाशाला मागे टाकण्यासाठी उरलेली फट आता 'ओपेरा'च्या आकड्यापेक्षा कितीतरी पट बारीक झाली आहे.

ती पूर्ण बंद झाली, असं कोणताही शास्त्रज्ञ म्हणणार नाही. विज्ञानात मोजमाप कधी 'शून्य' म्हणत नाही, 'यापेक्षा कमी' एवढंच म्हणतं. उद्या एखाद्या प्रयोगाने पुन्हा दावा केला, तर तो हसण्यावारी नेला जाणार नाही. तो तपासला जाईल.

म्हणून 'प्रकाशाचा वेग मोडला' अशी पोस्ट पुढच्या वेळी समोर आली, तर तीन गोष्टी बघा. तारीख कोणती आहे? दुसऱ्या एखाद्या स्वतंत्र गटाने तेच मोजलंय का? आणि मूळ शास्त्रज्ञ ठामपणे सांगतायत, की विचारतायत? २०११ मध्ये या तीन प्रश्नांची उत्तरं पहिल्याच दिवशी उपलब्ध होती. दुसऱ्या गटाने मोजलेलं नव्हतं, आणि शास्त्रज्ञ विचारत होते.